रुपलीचा कुकर

सकाळी साडेआठच्या सुमारास नानांच्या स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी होई आणि पुढच्या खोलीत बसलेले नाना दचकत. कपातला चहा बशीत सांडे. दुसऱ्या शिट्टीला ते उठून अंगणात जात, तिसरीला थेट रस्त्यावर. गेली नऊ वर्षं हा नेम चुकला नव्हता. मंडळी, कुकर काय घरोघरी असतात आणि शिट्ट्याही घरोघरी होतात, त्यात दचकण्यासारखं काय आहे? पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

नाना म्हणजे ज्ञानेश्वर नाना. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तीस वर्षं. निम्मी अमळनेरला गेली, निम्मी धुळ्याला. ‘चोपड्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे’ असं त्यांनी नुसतं म्हटलं, की बाकावर घोरणारा प्रवासीसुद्धा पिशवी उचलून उभा राही. असा आवाज गावात असताना दुसऱ्या कुणाच्या हातात माइक कोण देणार? धरणगावपासून चार कोसांवरच्या त्यांच्या चिंचबर्डीत माघात यात्रा भरे, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल होई, आणि दंगलीचा माइक वर्षानुवर्षं नानांकडे. घरात ते खानदेशी बोलत, माइक हाती आला की पुस्तकी मराठी. गावाला त्या मराठीचा केवढा अभिमान!

यंदाचं पत्रक छापून आलं. पुरुषांची मानाची कुस्ती, इनाम एक्कावन्न हजार. महिलांची मानाची कुस्ती, ‘आकर्षक भांडी व रोख पाच हजार’. पत्रकावर सगळ्यात मोठा फोटो मात्र दोन मुलींचा. तो फोटो बघून पंचक्रोशी लोटते, हे पंच कमिटीला पक्कं ठाऊक. मुलींची कुस्ती मुद्दाम शेवटून दुसरी ठेवत, म्हणजे तोवर कुणी घरी जात नाही. खाली संपर्कासाठी नानांचा फोन नंबर होता.

त्या नंबरावर धुळ्याहून फोन आला.

“काका, मी दिपमाला बोलते. तुमच्या पत्रकावर माझा फोटो आहे. महिलांचं इनाम खरंच पाच हजार आहे, की छापताना काही राहिलं?”

“अगं, भांडीही आहेत ना.” नाना आपोआप माइकवरच्या मराठीत गेले.

“भांडी घेऊन काय करू, काका? महिन्याचा खुराकच सात-आठ हजारांचा होतो. दूध, बदाम, तालमीची फी. धुळ्याहून यायचं-जायचं भाडं वेगळं. माझं घर यात्रांच्या कुस्त्यांवर चालतं, हौस म्हणून नाही खेळत मी. किती ते एकदा खरं सांगा. तेवढंच विचारते.”

“ये तर खरी, मग बघू,” असं काहीबाही बोलून नानांनी फोन ठेवला. हाच प्रश्न त्यांना एका मुलीने पूर्वी विचारला होता. अकरा वर्षांपूर्वी, भर आखाड्यात, हजारो माणसांसमोर.

तिचं नाव रुपली. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. वय सतरा. तालीम वगैरे काही नाही. भावांशी नि चुलतभावांशी वाळूत झोंबून झोंबून शिकलेली. दोन एसट्या बदलून बाप ठाकऱ्या तिला घेऊन आला होता. धुळ्याच्या तालमीत तयार झालेल्या मुलीला तिने चार मिनिटांत ढाकेचा डाव लावून चितपट केलं. काय टाळ्या पडल्या! ठाकऱ्या आखाड्याच्या कडेला लेकीच्या चपला हातात धरून उभा होता. टाळ्या वाजवायला हात मोकळे नाहीत, म्हणून नुसता हसत होता.

त्या वर्षी पुरुषांच्या मानाच्या कुस्तीला अकरा हजार होते. रुपलीला पंचांनी पाच लिटरचा कुकर दिला. तिने तो हातात घेतला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सरळ नानांकडे येऊन विचारलं, “नाना, पैसा किती?”

माइक चालू होता. प्रश्न साऱ्या मैदानाने ऐकला. नानांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की माणूस मस्करी करतो.

“पोरी, कुकर घे!” नाना माइकवर म्हणाले. “सासरी कामास येईल. तिथे शिट्ट्या मोज!”

मैदान हसलं. अहो, हसलं म्हणजे किती! झाडावर बसलेली माणसं फांदीला धरून हसली. रुपलीने कुकर आखाड्याच्या कडेला तांबड्या मातीवर ठेवला आणि मागे न बघता निघून गेली. ठाकऱ्या मात्र जाता जाता थांबला. त्याने नानांना हात जोडले, नीट, देवाला जोडावेत तसे. तो हसत नव्हता.

इथे संपलं असतं तरी बरं होतं. पण गावाला ती मस्करी भारी आवडली. पुढच्या वर्षी मुली आखाड्यात उतरल्या तशी गर्दीतून आरोळी आली, “कुकर!” त्याच्या पुढच्या वर्षी चार आरोळ्या. मग तो रिवाजच पडला. आता मुलींची सलामी झाली, की सारं मैदान एका सुरात ओरडतं, “कुकर! कुकर!” ज्यांनी रुपलीला पाहिलंही नव्हतं तेसुद्धा ओरडतात. पंच कौतुकाने नानांकडे बघतात. आणि दर वर्षी नानांना त्या आरोळीमागे एकच प्रश्न ऐकू येतो. पैसा किती?

तो मातीत ठेवलेला कुकर कुणी नेला नाही म्हणून सामानाबरोबर नानांच्या घरी आला आणि माळ्यावर पडला. दोन वर्षांनी घरचा कुकर बिघडला तेव्हा सुगंधाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, तो खाली काढला. “नको” म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. बायका तेव्हा दंगलीला जात नसत. सुगंधाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. नाना गप्प बसले आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

दिपमालाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा नानांच्या हातून कपच पडला. सुगंधाबाई बाहेर आल्या.

“दर रोज काय व्हस तुम्हले? शिट्टी वाजनी का दचकतस. कोनी वाघ मागे लागस का?”

नाना फुटलेले तुकडे वेचत बसले आणि वेचता वेचता सगळं सांगून मोकळे झाले. सुगंधाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “नऊ वरीस मी त्या पोरना कुकरमा भात रांधी राह्यनू, आनी तुम्ही माले सांगं नही?”

“काय सांगू?”

“यात्रानी पट्टी गोळा करतस, तवय घरमा बाई शे का बाप्या शे, इचारतस का? बेबाबाई एकली राहस, दुसराना वावरमा कापूस येचस. तिनी बी दोनशे रुपया दिन्हात. बाईना दोनशेले तुम्ही कमी मोजं का? नही ना? मंग बाईनी कुस्ती कमी कशी व्हस?”

गेल्या वर्षी बेबाबाईची पट्टी त्यांनी स्वतःच आणली होती. तिने पदराच्या गाठीतून नोटा सोडल्या होत्या, आणि त्या त्यांनी मोजून घेतल्या होत्या.

“ती पोर आते कोठे शे?” सुगंधाबाईंनी विचारलं.

खरी गोष्ट अशी, की नानांना ते माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी धरणगावजवळच्या एका जिनिंगच्या फाटकात त्यांनी तिला पाहिलं होतं. डोक्याला फडकं, फडक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाची रुई. त्या रुईतूनही त्यांनी तिला ओळखलं. कापसाच्या हंगामात ती दर वर्षी तिथे कामाला येई, आणि दर वर्षी त्या हंगामात नाना सायकलने धरणगावला दोन किलोमीटरचा वळसा घालून जात. पायाला व्यायाम होतो, असं बायकोला सांगत.

त्या दिवशी त्यांनी वळसा घातला नाही.

दुपारच्या सुट्टीत कामकरी बाया भिंतीच्या सावलीला भाकरी खात बसल्या होत्या. रुपली एका कडेला होती. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी मातीत रेघोट्या ओढत होती. नाना समोर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते सारं वाटेत जुळवलं होतं.

रुपलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, “नाना, कुकर शे का आजून?”

“शे.”

“शिट्टी वाजस?”

“वाजस,” नाना म्हणाले आणि तिच्यासमोर मातीत बसले.

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. नाना पाणी प्यायले. मग ती सांगू लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. बाजाराची हकीकत सांगावी तशी सांगत होती.

“त्या दिवस मी मना बापशी बोली करेल व्हती. पैसा भेटना, तर पुण्याले तालीममा जावानं. भाडं आनी दोन महिनानं खानं, आकरा हजारमा व्हई जातं. नही भेटना, तर कुस्ती बंद. एसटीमा बाप काही बोलना नही. घर उनं तवय माले म्हने, माइकवर एवढा मोठा मानूस बोलना, सासरले जाय. पंचसनी सांगेल शे, आते आपन काय इचार करवाना?”

“मी मस्करी करेल व्हती, माय,” नाना म्हणाले.

“तुमनी मस्करी व्हती. मना बापले ती पंचायतना निकाल वाटनी.” तिने भाकरीचा तुकडा मुलीच्या हातात दिला. “वैशाखमा लगीन लाई दिन्हं. बाप गया परसाल. मरता मरता बी तुमनं नाव काढी. म्हने, नाना भला मानूस, त्यानी रस्ता दखाडा.”

देवा! शिव्याशाप दिले तर माणूस झेलतो. त्या भाबड्या बापाने जन्मभर आभार मानले होते! हात जोडून उभा ठाकऱ्या नानांना भर दुपारी समोर दिसला, लेकीच्या चपलांसकट.

“तुले काय देऊ?” त्यांनी विचारलं. “ते आकरा हजार मी...”

“माले नको. मनी कुस्ती गयी. ती काय पैसा दीसन परत येस का?” जिनिंगचा भोंगा झाला. रुपली उठली, फडकं बांधू लागली. “आते कोनी पोर इचारस का तुम्हले, पैसा किती?”

नाना दचकले. “इचारस. धुळानी शे.”

“मंग तिले मस्करी नका सांगू,” रुपली म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर पंच कमिटी बसली. अध्यक्ष प्रेमराज, कापसाचा व्यापारी. माणूस तोंडाचा गोड, हिशेबाचा पक्का.

“पुरुषांच्या नि मुलींच्या मानाच्या कुस्तीचं इनाम सारखं करा,” नाना बसल्या बसल्या म्हणाले. “नाही तर यंदा माइक दुसऱ्या कुणाला द्या.”

कुणीतरी खोकलं.

“नाना, उन्हात फिरनात का?” प्रेमराज हसला. “अजून सेहेचाळीस हजार कोठून आनू? पट्टी वाढाडू?”

“नका वाढवू. एक्कावन्न आणि पाच, छप्पन्न झाले. दोघांना अठ्ठावीस-अठ्ठावीस.”

“म्हनजे बाप्यासनं कमी करानं?” प्रेमराजचं हसू गेलं. “अठ्ठावीस हजारवर मोठा पहिलवान येनार नही! आपली दंगल फिकी पडी!”

“पत्रकावर फोटो कुणाचा छापला, प्रेमराज? तो मोठा पहिलवान का नाही छापला? गर्दी शेवटपर्यंत थांबते ती कुणाची कुस्ती बघायला? त्यांच्या जिवावर मैदान भरायचं आणि द्यायची वेळ आली की कढई-कुकर?”

“भांडी म्हनजे मान शे, नाना. लेक-सूनले आपन भांडीच देतस.”

“त्या लेकी-सुना म्हणून आखाड्यात उतरत नाहीत, पहिलवान म्हणून उतरतात. आपल्या बापजाद्यांच्या काळी पुरुषांनाही घागर नि परातच मिळायची. आपण त्यांना भांड्यांवरून रोकड्यावर आणलं, कारण घागर खाऊन पोट भरत नाही. मग मुलींचं पोट घागरीने कसं भरेल?” नानांनी पारावर हात आपटला. “माझ्या एका मस्करीने एक पोर जिनिंगमध्ये रुई झटकते आहे. अकरा वर्षं झोप नाही मला! तुम्हाला गंमत वाटते, मला ती आरोळी स्मशानातल्यासारखी ऐकू येते!”

नानांना असं बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. बराच खल झाला. दोघं पंच उठून गेले. शेवटी प्रेमराजने गणित मांडलं, की नानांशिवाय दंगल आणि मोठ्या पहिलवानाशिवाय दंगल, यात स्वस्त कोणती; आणि नाइलाजाने मान हलवली. धुळ्याला फोन लागला. “पोरी, अठ्ठावीस हजार. पुरुषांनाही अठ्ठावीसच. हे खरं आहे,” नानांनी सांगितलं. दिपमाला म्हणाली, “येते, काका.”

दंगलीच्या दिवशी मोठा पहिलवान खरोखरच आला नाही. त्याच्या जागी जळगावचा एक नवखा आला. त्यावरून कुरकुर होतीच. नानांच्या टेबलावर माइक होता आणि माइकच्या शेजारी तो कुकर, सुगंधाबाईंनी चिंच लावून घासलेला. त्या स्वतः यंदा पहिल्यांदा दंगलीला आल्या होत्या, बेबाबाईला घेऊन.

लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या, जोडी-जोडीच्या झाल्या. मग दिपमाला आणि तिची जोडीदार आखाड्यात उतरल्या. दोघींनी माती कपाळाला लावली. आणि मैदानाने आपला रिवाज पाळला.

“कुकर! कुकर! कुकर!”

तेच हसू. अकरा वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. तेवढ्यात त्यांची नजर गर्दीच्या कडेला गेली. तिथे रुपली उभी होती, हाताशी मुलगी. बोलावलं कुणी नव्हतं; पत्रक वाचून आली असेल.

नाना उभे राहिले. माइक हातात घेतला. पुस्तकी मराठी तोंडाशी आली आणि तिथेच अडली. मग माइकवर आजवर कुणी ऐकली नव्हती ती घरची भाषा बाहेर पडली.

“भाऊसहोन, थांबा! हाऊ कुकर आठे शे. आकरा वरीस पहिले मी एक पोरले हाऊ दिन्हा आनी तिले हसनू. तिनी माले इचारं, पैसा किती. मी उत्तर दिन्हं नही. मना एक सबदनी तिनी जिनगानी बुडनी! तुम्ही वरडतस ना, ती मनी चूक तुम्ही वरडतस! आज माले हसा, पन या पोरीसले हसू नका!”

हसू विरत विरत थांबलं. लांब कुठे यात्रेतल्या पाळण्याचा भोंगा वाजत होता, तेवढाच.

“रुपली, तुना सवालनं उत्तर देस,” नाना म्हणाले. “अठ्ठावीस हजार! बाप्याले जेवढा, तेवढाच!”

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती बेबाबाईने. दोनशे रुपयांची पट्टी दिली होती, तिचा हक्कच होता. मग सुगंधाबाईंनी, मग बायकांच्या अख्ख्या बाजूने, आणि मग मैदान उठलं. वारा कुठे वाहतो ते प्रेमराजने ओळखलं; तो जागचा उठला, नाना बघत होते तिकडे गर्दीतून वाट काढत गेला आणि रुपलीला म्हणाला, “ताई, जोड तुम्ही लावा.” मंडळी, जोड लावायचा मान आजवर कुठल्याच बाईला मिळाला नव्हता!

रुपली आली. चपला काढल्या, त्या मुलीच्या हातात दिल्या. वाकून चिमूटभर माती घेतली, पण कपाळाला लावली नाही, मुठीतच ठेवली. दिपमालाचा आणि दुसऱ्या मुलीचा हात एकमेकींच्या हातात दिला आणि बाजूला झाली. कुस्ती सोळा मिनिटं चालली. दिपमाला जिंकली. कुणी ‘कुकर’ म्हटलं नाही. जाताना रुपली नानांच्या टेबलापाशी थांबली. कुकराकडे पाहिलं, पण त्याला हात लावला नाही. नानांना ठाकऱ्यासारखे हात जोडलेही नाहीत. त्याचं नानांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई म्हणाल्या, “आते हाऊ मोडमा दी टाकूत का?”

“नको,” नाना म्हणाले. “वाजू दे.”

साडेआठला पहिली शिट्टी झाली. नाना दचकले, नेहमीसारखेच. पण उठून बाहेर गेले नाहीत. दुसरी झाली, तिसरी झाली. ते बसून राहिले, शेवटची शिट्टी होईपर्यंत.

वाचकहो, बाईची मेहनत भांड्यांत मोजणारी एकटी चिंचबर्डी नाही. आपल्या गावच्या मैदानात, कचेरीत, वावरात जरा कान देऊन बघा. कुठे ना कुठे आपलाही एक कुकर असेल. आखाड्यातली माती पाठीला लागते, तेव्हा ती पाठ बाईची की बाप्याची हे विचारत नाही. मग इनाम देणाऱ्याने ते का विचारावं? घाम सारखा असेल तर दामही सारखाच हवा. तो द्यायला एका दिवसाचं धाडस पुरतं. आणि नाही दिला, तर जे गेलं ते कुणालाच परत आणता येत नाही. रुपलीला नाही, नानांनाही नाही.